टाकीत पेट्रोल आहे, एवढंच पाहिलंत?

तळीयेकडच्या आणि पोलादपूरच्या बाजूच्या माझ्या पोरांनो,

तुम्ही माझ्या हाताखाली मोटार मेकॅनिकचा ट्रेड पुरा करून बाहेर पडलात. कुणी गॅरेज टाकलंय, कुणी एमआयडीसीत लागलाय, कुणी मुंबईला गाडी चालवतोय. पोटापाण्याला लागलात याचा मला आनंद आहे. पण आज कौतुक करायला बसलेलो नाही. तुमचे कान उपटायचे आहेत, तेव्हा हे शेवटपर्यंत वाचा, मधे फोन घेऊ नका.

दसऱ्यानंतर, भातकापणी चालू असताना, वरच्या अंगाच्या एका वाडीत नऊ वर्षांच्या पोराला पेंढा उचलताना विंचू डसला. लाल विंचू. पोराला दरदरून घाम सुटला, उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. अंगणात तीन गाड्या उभ्या होत्या. दोन मोटारसायकली आणि मुंबईकर चुलत्यानं गावाला आणून ठेवलेली जुनी चारचाकी. तिन्हींच्या टाकीत पेट्रोल होतं. एकही सुरू झाली नाही. किक मारमारून माणसं दमली, चारचाकीला सेल्फ मारमारून बॅटरी उतरवली. शेवटी बापानं पोराला पाठकुळी घेतलं, खालच्या रस्त्याला धावत आणलं, तिथे मिनिडोर भेटली म्हणून महाड गाठता आलं. पोर वाचलं.

विंचवावरचा उपाय कुठे सापडला, आठवतं का? डॉ. हिम्मतराव बावस्करांनी बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आणि नंतर महाडात वर्षानुवर्षं रात्रंदिवस रोगी पाहिले, आणि रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशात माणूस वाचवतं हे दाखवून दिलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. साऱ्या जगाच्या डॉक्टरांनी जे महाड तालुक्याकडून घेतलं, ते औषध तुमच्या उशाला आहे. त्याची अट एकच, रोगी वेळेत पोहोचला पाहिजे. आणि तुम्ही, या तालुक्यात गाड्यांचं शिक्षण घेतलेले, तीन गाड्या दारात ठेवून पोराला पायी न्यायला लावता!

त्या दोन मोटारसायकलींचे मालक माझे विद्यार्थी आहेत. नावं लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलंय. मी स्वतः जाऊन तिन्ही गाड्या उघडल्या. काय सापडलं ते आता सांगतो, कारण दोघांनीही मला एकच उत्तर दिलं, "सर, पेट्रोलच भेसळीचं होतं." शिकलेल्या माणसानं न तपासता पंपावर खापर फोडावं, याची मला जास्त चीड आली.

पहिली मोटारसायकल जूनपासून उभी. कुठे उभी? घराच्या कडेला, बरोबर पागोळ्यांखाली. चार महिने कौलांवरून ओघळणारं पाणी टाकीच्या टोपीवर पडत होतं. टोपी उघडली तर आतलं रबरी वायसर चिरलेलं. टोपीभोवतीच्या खोबणीत साचलेलं पाणी खाली सोडायला एक बारीक भोक असतं, ते लाल मातीनं गच्च बुजलेलं. म्हणजे पाणी खोबणीत तुंबलं, आणि वाट मिळेल तिकडे गेलं. टाकीत. तीनेक लीटर पेट्रोल होतं. कॉकची नळी काढून मी रिझर्व्हवरून काचेच्या बाटलीत थोडं घेतलं आणि बाटली ओट्याच्या कडेला, चुलीपासून लांब, उन्हापासून आडोशाला ठेवली. दहा मिनिटं कुणालाही हलवू दिली नाही. मग सगळ्यांना बोलावलं. बाटलीत दोन थर पडले होते. वरचा स्वच्छ, पिवळसर. खालचा गढूळ, जड, बाटली कलली की वेगळा हलणारा. मधली रेघ बोटानं दाखवता येत होती. घरातल्या म्हातारीनंही ती पाहिली. मालकानं मान खाली घातली.

अरे, हाच प्रयोग तुम्ही वर्गात केलाय! १०० मिलीलीटरच्या मोजपात्रात ८० पेट्रोल घेतलं, २० पाणी ओतलं, बूच लावून हलवलं आणि उभं ठेवलं. तळचं पाणी २० वर थांबलं नाही, ३५ च्या आसपास चढलं. तेव्हा तुम्हीच मोठ्यानं म्हणालात, "सर, इथेनॉल पाण्यात उतरलं." परीक्षेत लिहिलंत, गुण घेतलेत. आणि घरच्या टाकीत तेच घडलं तेव्हा तुमच्या डोक्यात भेसळ आली.

नीट समजून घ्या. पंपावरून तुम्ही जे घेता ते एकसंध द्रव्य नव्हे. चार कार्बनपासून बारा कार्बनपर्यंतच्या शेकडो हायड्रोकार्बनांचं ते मिश्रण आहे. काही ३५ अंशांच्या आसपास उकळू लागतात, काही २०० अंशांजवळ. त्यात आता इथेनॉल आहे. देशात १० टक्क्यांचं मिश्रण २०२२ मध्ये गाठलं, २० टक्क्यांचं पेट्रोल ६ फेब्रुवारी २०२३ ला बाजारात आलं आणि २०२५ पर्यंत ते सगळीकडे पोहोचलं. नुसत्या पेट्रोलात पाणी जवळजवळ विरघळतच नाही, ते थेंब होऊन तळाला बसतं. इथेनॉल मात्र पाण्याला धरून ठेवतं. १० टक्क्यांच्या मिश्रणात लीटरमागे साधारण ५ मिलीलीटर पाणी मावतं, २० टक्क्यांत त्याहून जास्त. तोवर वरून काही कळत नाही, गाडीही चालते. मर्यादा ओलांडली, किंवा रात्री गारठा पडून ती मर्यादाच खाली आली, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं आणि पाण्याला घेऊन तळाला जातं. तीन लीटरमध्ये अर्धी वाटी पाणी शिरलं तर तळाला अर्धा लीटरभर असा थर बसू शकतो. रिझर्व्हची नळी कुठून ओढते? तळातून. चारचाकीचा पंप कुठून ओढतो? तळातून. इंजिनाला पेट्रोल जातच नाही, इथेनॉलचं पाणी जातं. त्यावर किक मारून पाय मोडला तरी ठिणगी काय पेटवणार? आणि वर जे उरलं त्यातून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन घसरलेला. दोन्ही थर वाया.

तुमच्यातल्या एकानं मला तोंड वर करून सांगितलं, "सर, आपल्याकडची हवाच दमट, तीच टाकीत पाणी सोडते." हे अर्धवट ज्ञान मला अज्ञानापेक्षा घातक वाटतं. हिशेब कर. दहा लीटरच्या टाकीत एक लीटर पेट्रोल आहे, नऊ लीटर हवा आहे. आपल्या पावसाळ्यातल्या अगदी चिंब हवेतसुद्धा एका घनमीटरला पंचवीस-सव्वीस ग्रॅम पाणी असतं. नऊ लीटरला किती झालं? जेमतेम पाव ग्रॅम. दिवसा तापून टाकी थोडी हवा बाहेर टाकते, रात्री थोडी आत घेते, म्हणजे तो पाव ग्रॅमही रोज नवा येत नाही. चार महिने असा श्वास चालला तरी अर्धी वाटी भरत नाही. ती ओल टाकीच्या वरच्या रिकाम्या पत्र्यावर बसते, पत्रा गंजवते, गंजाचा चुरा खाली पडतो आणि जाळीत अडकतो. हे हवेचं पाप खरं. पण अर्धी वाटी पाणी हवेनं आणलं नाही. ते दहा-वीस रुपयांच्या वायसरमधून आलं, तारेच्या एका टोकानं मोकळ्या होणाऱ्या भोकामुळे आलं, आणि गाडी चार हात अलीकडे घ्यायचा कंटाळा केलास म्हणून आलं.

आता दुसरी मोटारसायकल. ही तर वापरातली होती. पण मालकानं आषाढात दोन लीटरच्या थंड पेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल भरून आणलं, "अडीअडचणीला असू दे" म्हणून. बाटली मांडवीच्या खांबाला टांगली, दुपारचं ऊन तिच्यावर येत होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी टाकी कोरडी झाली म्हणून ती ओतली, आणि बाटली पुन्हा ताजं भरून त्याच खांबाला टांगली. गाडी दोन दिवस धापा टाकत चालली आणि पोराला विंचू डसला नेमकी तेव्हाच बसली.

मी कार्बोरेटरची वाटी सोडवली. तुम्हांला ती पाठवून द्यावी असं वाटलं होतं. तळाला मधासारखा चिकट, तपकिरी लेप. नखानं खरवडला तर पापुद्रा निघाला. फ्लोटची पिन जागच्या जागी चिकटलेली. पितळी पायलट जेट काढून उजेडाकडे धरला, आरपार दिसायला हवं तिथे अंधार. त्या जेटचं भोक अर्ध्या मिलीमीटरहूनही बारीक असतं. कडेला हिरवट डाग चढलेला. वास घेतला, ताज्या पेट्रोलचा झणझणीत वास नाही, जुन्या वार्निशसारखा आंबूस.

दूध नासलं तर घरातलं लहान पोरही सांगतं. पेट्रोल नासतं, हे मात्र तुमच्या गावी नाही. उघड्या किंवा ढिल्या झाकणातून सगळ्यांत आधी उडून जातात ते हलके घटक. थंड इंजिन पहिल्या किकेला पेटतं ते त्यांच्याच जोरावर. ते गेले की उरलेलं पेट्रोल जळतं, नाही असं नाही, पण गार इंजिनात पहाटे पेटत नाही. मागे राहिलेल्यात काही घटक असे असतात की हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची गाठ पडली की आधी पेरॉक्साइडं होतात आणि मग त्यांचा डिंक बनतो. ऊन आणि उष्णता ते काम वेगानं करतात, तांब्या-पितळेचा स्पर्श त्याला हातभार लावतो. शुद्धीकरण कारखान्यात हे रोखायला औषध घालतात, ते खर्च होईपर्यंतच पुरतं. पेट्रोल किती टिकाऊ आहे हे पाहायची एक चाचणी मी तुम्हांला फळ्यावर समजावली होती. बंद भांड्यात ऑक्सिजनच्या दाबाखाली ते १०० अंशांवर ठेवतात, आणि आपल्या मानकाप्रमाणे त्यानं किमान ३६० मिनिटं तग धरायचा असतो. याचा अर्थ पंपावरचं पेट्रोल चांगलं टिकतं. घट्ट झाकणाच्या, सावलीतल्या, भरलेल्या टाकीत दोन-तीन महिने त्याला काही होत नाही. तुम्ही त्याला पारदर्शक बाटलीत घालून आषाढापासून दसऱ्यापर्यंत उन्हात टांगता आणि वर म्हणता, कंपनीनं फसवलं!

त्या बाटलीबद्दल माझं बोलणं अजून संपलेलं नाही. तिच्यापासून दोन हातांवर न्हाणीघराची चूल आहे. पहाटे तिथे पाणी तापतं. पेट्रोलची वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवरून सरपटत उताराला लागते. दिसत नाही. शून्याखाली चाळीस अंशांवरसुद्धा पेट्रोलची वाफ ठिणगीला पेट घेते, मग आपल्या दुपारी काय होईल याचा विचार करा. हवेत दीड टक्का वाफ मिसळली की भडका उडायला पुरे. बंद टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की तिथे जळायला हवाच अपुरी पडते, म्हणून टाकी सुरक्षित असते. धोका टाकीच्या बाहेर, ढिल्या बुचाच्या बाटलीपाशी, जिथे वाफ आणि हवा नेमक्या प्रमाणात मिसळतात. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात घरगुती साठ्याला मुभा आहे. विक्रीसाठी नसेल तर परवान्याविना ३० लीटरपर्यंत ठेवता येतं. पण कशात? काचेच्या किंवा चिनीमातीच्या भांड्यात एका लीटरपर्यंत, धातूच्या डब्यात २५ लीटरपर्यंत, आणि बूच घट्ट. थंड पेयाची बाटली त्यात कुठेही बसत नाही. आणि टपरीवर बाटल्या मांडून पेट्रोल विकणारा तुमच्यातला जो कोणी असेल, त्यानं आजपासून ते बंद करावं. चार पैसे सुटतात म्हणून शेजाऱ्याच्या घराला आग लावायचा अधिकार तुला कुणी दिला? त्याच बाटल्यांतून वाडीतली पोरं पाणी पितात, हेही तुला दिसत नाही?

चारचाकीचं थोडक्यात सांगतो. मेमध्ये आली, रिझर्व्हचा दिवा लागलेल्या अवस्थेत सोडून चुलता मुंबईला परतला, गणपतीला आला तेव्हाही गाडीला हात लावला नाही. पाच महिने जवळजवळ रिकामी टाकी. जेवढं पेट्रोल कमी तेवढी वर हवा जास्त, तेवढं वाळणं आणि नासणं लवकर. चारचाकीच्या टाकीत बुडालेला विजेचा पंप पेट्रोलमुळेच गार राहतो. सदान्कदा तळाला आलेल्या टाकीवर गाडी हाणायची सवय असली की तो तापतो आणि लवकर मरतो. हा पंपही मेलेला निघाला. मुंबईकरांना हे समजावणं तुमचं काम होतं. ते तुम्हांला विचारून गाडी ठेवतात, "बघ रे जरा" म्हणून किल्ली देतात. तुम्ही किल्ली खुंटीला अडकवता. शिमग्याला आणि गणपतीला येणाऱ्या गाड्यांची भरलेली टाकी पंपावर अजून दोनदा दांडा दाबून काठोकाठ करायची, हाही एक खुळा हट्ट. आपोआप बंद झालं की थांबायचं. वरची जागा वाफेसाठी आणि प्रसरणासाठी आहे. दहा लीटर पेट्रोल २० अंशांनी तापलं तर जवळपास २०० मिलीलीटर फुगतं. काठोकाठ भरलंत की ते चारचाकीत वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरतं आणि तो डबा निकामी करतं.

इथेनॉलला शिव्या घालणारेही तुमच्यात पुष्कळ. घाट चढून वर गेलात की पलीकडे उसाचा मुलूख आहे. तिथला शेतकरी आणि तिथला कारखाना या इथेनॉलवर चार पैसे पाहतो. इथेनॉलच्या धोरणावर तुमचं मत काहीही असो. लीटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं पडतं, हे खरं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि वायसर त्यानं फुगतात, चिरतात, हेही खरं. २०२३ च्या एप्रिलपासूनच्या गाड्यांचे भाग त्याला चालतील असे बनवले आहेत, त्याआधीच्यांचे तपासून बदलावे लागतात. मेकॅनिकचं काम नेमकं इथेच सुरू होतं. पाइप बदल, वायसर बदल, गिऱ्हाइकाला सांग की पूर्वीसारखं सहा महिने गाडी विसरून चालणार नाही. तू काय करतोस? तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या सुरात सूर मिसळतोस आणि जेट साफ करून दोनशे रुपये घेतोस. पुढच्या महिन्यात तोच पुन्हा येतो. हे शिकवलं होतं मी?

आणि आता जे मला सगळ्यांत लागलंय ते. तुम्ही कुठले आहात? २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसं गेली. खाली महाडात सावित्री आणि गांधारी घराघरांत शिरल्या होत्या, वरच्या रस्त्यांवर दरडी होत्या, फोन लागत नव्हते, मदतीची पथकं दुसऱ्या दिवशी पोहोचली. त्याच पावसात पोलादपूरला केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरडी आल्या. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. त्या संध्याकाळी कुणाची गाडी चालू असती म्हणून डोंगर थांबला नसता, हे मला कळतं, आणि ज्यांची माणसं गेली त्यांच्यापुढे मी असं काही बोलणार नाही. पण त्यानंतर काय बदललं? अतिवृष्टीचा इशारा आला की डोंगरउतारावरच्या वाड्यांना रात्रीच्या आत खाली हलायला सांगतात. म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बाळंतिणीला, लहान पोरांना कशावरून न्यायचं? एसटी त्या रस्त्यानं येईल की नाही याची खात्री नसते. वरंध घाट तर पावसाळ्यात कितीदा बंद असतो. अशा वेळी वाडीत जी दोन-चार वाहनं असतील तीच खरी. ती वाहनं जुलैत दगड होऊन उभी असतात, आणि ती उभी राहू नयेत हे ज्यांना शिकवलं तेच तुम्ही! दुसऱ्या कुठल्या तालुक्यातल्या पोरानं हा हलगर्जीपणा केला तर मी एकवेळ समजून घेईन. तुमचं ऐकून घेणार नाही.

महाडच्या २०२१ च्या पुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पाणी ओसरल्यावर लोकांनी काय केलं? चावी फिरवली. इंजिनात पाणी गेलेलं, टाकीच्या श्वासनळीतून पाणी आत शिरलेलं, आणि चावी फिरवून कनेक्टिंग रॉड वाकवून घेतले. पुरात बुडालेल्या गाडीला कुणी चावी लावायला गेला तर त्याचा हात धरा. आधी बॅटरीची तार काढा, टाकी पूर्ण उपसा, नळ्या फुंका, मग पुढचं.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी काय करायचं ते लिहितो, आणि यात "बघू, करू" चालणार नाही. मे संपायच्या आत प्रत्येकानं आपल्या वाडीतल्या प्रत्येक गाडीची टोपी उघडायची. वायसर कडक झालं असेल किंवा चिरलं असेल तर बदलायचं. खोबणीच्या भोकातून तार घालायची, वरून चमचाभर पाणी ओतून ते खाली येतं का ते डोळ्यांनी पाहायचं. गाडी पागोळ्यांखालून हलवायची. नुसतं प्लास्टिक गुंडाळून भागत नाही, आत ओल कोंडते. पंप आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची, म्हणजे गंजायला पत्रा उघडा राहत नाही. महिन्याहून जास्त उभी राहणार असेल आणि कार्बोरेटरची असेल, तर कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवायचं, किंवा वाटीचा स्क्रू सोडून रिकामी करायची. २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना कॉक नसतो, त्या आठवड्यातून एकदा खरोखर फिरवून आणायच्या. जागेवर दोन मिनिटं भुर्रभुर्र केल्यानं इंजिन तापत नाही, उलट त्यात ओल साचते. वीस मिनिटं, चढावर.

शंका आली की तळातून काचेच्या बाटलीत थोडं काढा आणि दहा मिनिटं थांबा. थर पडला असेल तर वर ताजं ओतून हलवत बसू नका. टाकी पूर्ण उपसायची, धुवायची, जाळी काढून साफ करायची. नुसतंच जुनं असेल, पाणी नसेल, वास फार आंबूस नसेल, तर ते थोडं थोडं करून ताज्या पेट्रोलच्या भरलेल्या टाकीत मिसळून संपवता येतं. पाणी झालेलं पेट्रोल धातूच्या घट्ट डब्यात घालून, डब्यावर ठळक अक्षरांत लिहून, गॅरेजमध्ये वेगळं ठेवायचं आणि वाया गेलेलं ऑइल नेणाऱ्या परवानाधारकाला द्यायचं. जुन्या ऑइलच्या पिंपात ओतायचं नाही. ओढ्यात ओतायचं नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला तर नाहीच, ते झिरपून सगळ्या वाडीच्या पाण्यात उतरतं. ओली लाकडं पेटवायला चुलीत ओतायचं नाही. तुमच्याच घरातली बाई तिथे ओणवी असते.

तिन्ही गाड्या आता चालू आहेत. पैसे मी घेतले नाहीत आणि घेणार नाही. पण दुसऱ्या मोटारसायकलीच्या मालका, बाटली अजून त्याच खांबाला आहे, असं मला परवा कळलं. आज दिवेलागणीच्या आत ती खाली उतरव. त्यात उरलंय ते धातूच्या डब्यात घाल, डबा घराबाहेर, पोरांच्या हाताला लागणार नाही असा ठेव, आणि ती बाटली ठेचून चपटी कर, म्हणजे कुणी धुऊन पुन्हा पाण्याला घेणार नाही.